सोनाकाकींचा बंब

"श्रीपा, पानी ऊन हाय न्हवं?"

"हो काकी."

"का निवलं? अजून घालू?"

"नको काकी. पुष्कळ आहे."

"पुष्कळ म्हनतोस म्हंजी कमी हाय. दार ढकल जरा, कळशी आत सारते."

मी ओल्या अंगाने दाराला पाठ लावून उभा राहिलो. त्या दाराची आतली कडी मोडलेली होती, त्यामुळे आंघोळ चालू असेपर्यंत दारही सांभाळावे लागे. न्हाणीघर इतके लहान की दोन्ही हात लांब केले तर दोन्हीकडच्या भिंती बोटांना लागायच्या. कोपऱ्यात धगधगणारा तांब्याचा बंब, कौलाखाली कोंडलेला धूर, समोर काठोकाठ भरलेल्या बादल्या आणि दाराबाहेर सोनाकाकी. पाणी उरवून बाहेर पडायची सोय नव्हती. उरलेले दिसले की काकी म्हणत, "निवलं आसंल," आणि दुसऱ्या दिवशी आणखी कढत काढत. रोज सकाळी मी उकडलेल्या बटाट्यासारखा होऊन कॉलेजला जात असे.

ही गोष्ट कऱ्हाडची, पन्नासेक वर्षांपूर्वीची. मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून वडिलांनी त्यांच्या जुन्या ओळखीतल्या तात्या पिसाळांकडे शब्द टाकला. तात्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भाडंबिडं काय नको. पोरगा घरातल्यावानी ऱ्हाईल तर ऱ्हाऊ दे." ते 'घरातल्यावानी' मी फार मनावर घेतले. हे घर सुटले असते तर कॉलेजही सुटले असते. गावी चुलत्यांच्या पिठाच्या गिरणीत एक स्टूल माझी वाट बघत होते. म्हणून पानात पडेल ते मी खात होतो, सांगतील तेव्हा झोपत होतो आणि काढतील तितक्या कढत पाण्याने आंघोळ करत होतो. बोलायचा मला मुळातच धीर नव्हता. आजही फारसा नाही. हे लिहितानासुद्धा, कुणी कशाला वाचेल, असे वाटत राहते.

मला दिलेली खोली त्यांच्या मुलाची होती, जयसिंगची. खुंटीवर त्याचा शर्ट होता, तो काकी महिन्याकाठी धुऊन पुन्हा तिथेच अडकवत. "त्यो टरकावर हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले होते. "लांब लांब जातोय. यील." तात्यांसमोर मात्र त्या त्याचे नाव घेत नसत. का, ते मी विचारले नाही.

वनस्पतिशास्त्राला आम्हांला उपळेकर सर होते. दिवाळीनंतर ते आम्हांला पाटणच्या वरच्या अंगाला एका डोंगरावर घेऊन गेले. झाडांची ओळख करून घ्यायची म्हणून आम्ही गेलो आणि वर जाऊन बघतो तर ओळख करून घ्यायला झाडेच नव्हती. उतारभर नुसते बुंधे, पाटासारखे सपाट कापलेले. सर त्यातल्याच एकावर बसले.

"हा कोण?"

"ऐन, सर," कुणीतरी साल बघून म्हणाले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते. ती चुकत नाही.

"बाकीचा कुठे गेला?"

"बाजारला गेला असेल, सर," मागून सूर्यकांत कदम म्हणाला. सगळे हसले. सरही हसले.

"तुझ्याच घरी आलाय, कदम. तुझी त्याची गाठ पडली नाही एवढंच."

मग त्यांनी आम्हांला काम दिले. रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट बंद करून बघायची आणि पुढच्या शनिवारी वर्गात सांगायचे. "निबंध लिहून आणू नका. निबंधात सगळेच झाडं लावतात. उभं राहून सांगा, काय बंद केलं आणि कुणाचं अडलं."

उभे राहून बोलायचे, हेच मला संकट होते. पण त्याहून वाईट दुसऱ्या दिवशी झाले. काकींनी वखारीतून बंबफोड आणली होती. बंबाच्या नळीत जातील अशी बारीक फोडलेली लाकडे. ती परसात रचत असताना माझ्या हातात मगरीची पाठ आली.

त्यानंतर आंघोळ हा माझ्या जिवाला घोर झाला. तांब्या डोक्यावर घेतला की तो डोंगर दिसे. साबणाचा फेस मोरीतून जाताना वाटे, हा आता ओढ्याला मिळणार, ओढा कोयनेला, कोयना कृष्णेला, आणि तेच पाणी नळाने उद्या पुन्हा माझ्या बादलीत. आपण नुसते जगलो तरी कुठेतरी काहीतरी तुटते, जळते, गढूळ होते. वयच तसे होते. एक विचार डोक्यात शिरला की त्याला बाहेरची वाट सापडत नसे. मीच त्याच्यात कोंडला जाई.

आणि गंमत अशी की त्या घरात दुसरे काहीच वाया जात नव्हते. बंबातली राख भांड्यांना, मोरीचे पाणी अळवाला, शिळी भाकरी म्हशीवाल्याच्या रेडकाला. विझलेली आगकाडीसुद्धा काकी टाकत नसत. चुलीतून दिव्याला विस्तव न्यायला ठेवत. अशी बाई सकाळी पेटवलेला बंब दिवेलागणीपर्यंत विझू देत नव्हती. ऊन पाण्याने न्हाणारा घरात मी एकटा. काकी स्वतः उरल्यासुरल्यात आटपायच्या. तात्या तर परसातल्या हौदावर गार पाण्याने आंघोळ करत, हाडे गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा. तोंडातून हूं की चूं नाही. मला वाटे, या घरात डोंगराची काळजी असलेले एक माणूस तरी आहे.

त्यांच्याच आधाराने मी एकदा काकींजवळ विषय काढला.

"काकी, मी पण तात्यांसारखी गार पाण्याने आंघोळ केली तर?"

भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला. "तू कशापायी?"

"लाकडं वाचतील."

"लाकडं मी आनते न्हवं? तुला कोन काय बोललं का?"

"नाही, नाही. पण दुपारभर बंब कशाला पेटता ठेवायचा..."

"पेटलेला बरा," काकी म्हणाल्या. भाकरी जरा जास्तच जोराने थापली गेली. "गार पान्यानं करनारा एक हाय घरात, त्यो बास झाला."

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात एक बादली वाढली.

आठवडा सरत आला. कदमने चहा सोडला होता आणि ते तो भेटेल त्याला सांगत होता. कुणी सायकल काढणे बंद केले होते, कुणी फुले तोडणे. माझी पाटी कोरी. शनिवारी उभे राहून मी काय सांगणार होतो? एक बादली वाढली म्हणून?

शुक्रवारी दुपारी मात्र घर रिकामे मिळाले. तात्या पारावर पत्ते खेळायला गेले होते. काकी देवीच्या दर्शनाला. मी ठरवले, आजच. आज बंब बंद आणि आंघोळ गार पाण्याने, एकदाच का होईना. म्हणजे उद्या निदान खोटे बोलावे लागणार नाही. चिमट्याने बंबातली पेटती लाकडे ओढून काढली, त्यांच्यावर पाणी ओतले. एवढा धूर झाला की मी खोकत खोकत परसात आलो.

हौद उघड्यावर. पलीकडे हौसाआत्यांची कमरेएवढी भिंत आणि त्यांच्या घराची दोन खिडक्यांची मागची बाजू. दिवसाढवळ्या तिथे कपडे काढायचे माझ्याने होईना. चड्डीवर आंघोळ करणारी मुले मी हजार पाहिली असतील, पण मी त्यांतला नव्हतो. शेवटी सदरा-लेंगा अंगावर तसाच ठेवला आणि डोळे मिटून पहिला तांब्या डोक्यावर ओतला.

श्वासच अडकला. दुसऱ्या तांब्याला तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. तिसऱ्याला दात वाजायला लागले.

"श्रीपा! आरं, ह्ये काय?"

भिंतीवरून हौसाआत्या बघत होत्या. तात्यांच्या लांबच्या नात्यातल्या, विधवा, गल्लीतले सगळे ज्यांना आधी कळते अशा.

"काही नाही आत्या. आंघोळ."

"ह्या वक्ताला? कापडासकट?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घरातलंच का रं?"

मला वाटले, पाण्याचे विचारताहेत. त्या दिवसांत नळाला पाणी कमी होते आणि कोण कुणाच्या हौदातले उपसतो यावरून गल्लीत कुरबुरी चालल्या होत्या.

"हो, घरातलंच."

"आगं माजे बाई! कवा आलं?"

"सकाळी."

"आन् सोनाला ठावं न्हाय?"

आता मात्र मला वाटले, बाईंनी मला बरोबर पकडले. चोरून गार पाण्याने आंघोळ करतोय हे त्यांना कळले. मी हात जोडले. "नाही. तुम्ही सांगू नका, आत्या. मीच सांगेन त्यांना. हळूच."

आत्यांनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीवरून त्यांचे डोके नाहीसे झाले. मला जरा नवल वाटले. पाण्याचे एवढे काय?

मी चौथा तांब्या बुडवला तोच गल्लीतून हंबरडा आला. "जयसिंगाऽऽ! आरं माज्या वाघाऽऽ!"

त्यानंतरचे सगळे फार भराभर झाले. परसाच्या दारातून दोन बाया आत आल्या. मग चार. मग मोजता येईनात. त्या आल्या तशा भिंतीकडेने खाली बसल्या आणि डोक्यावरून पदर ओढून रडायला लागल्या. एकीने न्हाणीघरात डोकावून बघितले आणि म्हणाली, "बंबबी इझवलाय. पोरानं समदं रीतीनं केलंय हो."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. लांबून कुणाच्या मरणाची बातमी आली की घरात विस्तव ठेवत नाहीत आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून गार पाणी घेतात. आमच्या गावात हेच करतात. मी लहानपणापासून बघत आलो होतो. मी ओळीने सगळे केले होते. फक्त मेलेले कुणी नव्हते.

"अहो, ऐका," मी म्हणालो. दात वाजत होते. "अहो, तसं नाही..."

"रडू द्या त्याला," एक म्हातारी म्हणाली. "मोकळं हुईल पोर." कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडे टाकले आणि मला धरून हौदाच्या कट्ट्यावर बसवले. एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी, पाठीमागे हौद. उठायला गेलो की दोघी खांदे दाबत. दारात बायकांच्या मागे आता पुरुषही उभे राहिले होते. पळून जायला वाट नव्हती, आणि पळून गेलो असतो तर तेही दुःखातच जमा झाले असते.

डावीकडची बाई उजवीकडचीला माझ्या डोक्यावरून सांगत होती, "तात्यानं तवाच केलती की आंघोळ. ह्याच हौदावर."

"कवा?"

"पोरगं मॅट्रिकला बसंना, टरकावर जातो म्हनालं, तवा. ह्यो म्हनला, गेलास तर तुज्या नावानं आंघोळ करीन. पोरगं गेलं. आन् ह्यानं केली बाई! हितं, कापडासकट, समद्या गल्लीला वरडून सांगितलं, माजं पोर मेलं म्हनून. तवापास्नं रोज गारच करतोय. तीन वर्सं."

मी तात्यांच्या थंड पाण्याचे कौतुक केले होते.

काकींना बायकांनी कोपऱ्यावरच गाठले होते. दोघी दंडाला धरून त्यांना घेऊन आल्या. त्या रडत नव्हत्या. कपाळावर देवीचे कुंकू होते, हातात प्रसादाचा द्रोण तसाच. त्यांनी माझ्याकडे बघितले नाही, कुणाकडेच बघितले नाही. सरळ न्हाणीघरात गेल्या. बंबाच्या पोटावर हात ठेवल्याचे मला उघड्या दारातून दिसले.

"बंब कुनी इझवला?"

त्यांनी खाली पडलेले एक भिजके लाकूड उचलले.

"पेटवा त्यो."

"सोना, आगं आता इस्तू करत न्हाईत," हौसाआत्या पुढे झाल्या.

"माजं पोर दमूनभागून यील. ते काय गार पान्यानं आंघोळ करंल व्हय?" काकी शांतपणे म्हणाल्या, जणू हौसाआत्याच काहीतरी वेड्यासारखे बोलताहेत. "बापानं घातली तसली आंघोळ त्येला मी घालनार न्हाय. आला म्हंजी ऊन पानी पायजेल. कवाबी यील. पेटवा म्हनते न्हवं?"

आणि त्या खाली बसून भिजलेली लाकडे एक एक करून पुन्हा नळीत घालू लागल्या. भिजलेल्या लाकडाने काय पेट घ्यायचा! नुसता धूर झाला. त्या फुंकत राहिल्या.

त्याच वेळी तात्या आले. पारावरून धावत आले असावेत; टोपी हातात, पायांत चप्पल एकच. गर्दीने वाट दिली. यशवंता म्हणून शेजारचा एक जाणता माणूस होता, त्याने हौदातून बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली आणि खांद्याला हात लावला.

"तात्या, देवापुडं कुनाचं काय चालतंय? घ्या. डोक्यावरनं पानी घ्या."

तात्यांनी बादलीकडे बघितले.

"म्या केलीया," ते म्हणाले.

"तवाची येगळी, तात्या. ती रागातली. आता..."

"केलीया म्हनतो न्हवं!" त्यांच्या लाथेने बादली घरंगळत माझ्या पायांशी आली. "जित्या पोराची केलीया म्या! आता आनी कितींदा मारू त्येला?"

आणि ते तिथेच चिखलात मटकन बसले. जकात नाक्यावर ज्यांच्यापुढे ट्रकवाले चळचळ कापत, असे ऐकले होते, ते तात्या दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

आयुष्यात मी मोठ्याने ओरडलो तो तेवढा एकदाच. घोंगडे फेकले, दोघी बायांच्या हातांतून सुटलो आणि ओरडलो, "जयसिंग मेलेला नाही! कुणीच मेलेलं नाही! मी लाकडं वाचवत होतो!"

रडणे एकदम थांबले. न्हाणीघरातले फुंकणेही थांबले.

"काय वाचवत व्हतास?" यशवंताने विचारले.

"लाकडं. बंबाची. डोंगरावर झाडं राहिली नाहीत, म्हणून... आमच्या सरांनी..."

"आन् घरातलंच म्हनालास त्ये?" हौसाआत्या किंचाळल्या.

"पाणी, आत्या. पाणी घरातलंच आहे म्हणालो."

"आन् सकाळी आलं त्ये?"

"नळाला!"

दारातले एक पोरगे फिस्सकन हसले. त्याला कुणीतरी टपली मारली. यशवंता माझ्याकडे आला, त्याचा हात वर झाला होता. "आरं भाड्या, शिकतोस का शेन खातोस? मानसं मारतोस व्हय रं जिती?"

"यशवंता, हात खाली," काकी न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. तोंडभर काजळी, डोळ्यांना पाणी. धुराचे की कशाचे, कोण जाणे. "त्येला कुनी बोट लावायचं न्हाय. खोटी आवई उठली की आविष्य वाढतंय. माज्या लेकराचं आविष्य वाढलं. बसा समद्याजनी, साखर घेऊन जावा."

आणि खरोखरच त्यांनी घरातली साखर सगळ्यांच्या हातांवर घातली. मघाशी रडणाऱ्या बाया साखर खात, माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत निघून गेल्या. हौसाआत्यांनी दोनदा घेतली.

मी खोलीत जाऊन कोरडे कपडे घातले आणि ट्रंक भरायला घेतली. 'आता नीघ' असे सांगायची वेळ कुणावर आणू नये, एवढे मला कळत होते. गिरणीतले ते स्टूल डोळ्यांपुढे दिसत होते. पुस्तके भरून झाली तोच दारात काकी आल्या. उंबऱ्यावर बसल्या.

"लाकडं वाचवायची म्हंजी काय रं?"

मी त्यांना तो डोंगर सांगितला. बुंधे सांगितले, मगरीची साल सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मग आदी सांगायचं न्हाईस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"न्हाई," काकी म्हणाल्या आणि हसल्या. मग पदराने तोंडावरची काजळी पुसत, "डोंगराचंबी खरं हाय तुज्या. आन् माजंबी खरं हाय. मग आता कसं करायचं, सांग?"

पुढे मी आयुष्यभर याच विषयावरची पुस्तके वाचत आलो, चार ओळी लिहिल्याही असतील. पण उंबऱ्यावर बसून असे सरळ कुणी विचारले तर अजूनही सांगता येणार नाही.

बाहेरून तात्यांचा आवाज आला. "आगं, पानी तापलंय का?"

काकी उठता उठता तशाच थांबल्या.

"अवं, कुनाला?"

"मला. आनी कुनाला?"

त्या दिवशी तात्यांनी न्हाणीघरात पुष्कळ वेळ लावला. काकी दाराबाहेर उभ्या होत्या, पण आत काही विचारत नव्हत्या. आतून फक्त तांब्याचा आवाज येत होता. मी माझ्या खोलीत ट्रंकेवर बसलो होतो. तात्या बाहेर आले ते पंचा गुंडाळून सरळ माझ्यापुढेच.

"ट्रंक कशाला भरलीस?"

"गावी जातो, तात्या."

"गावी मग जा. उद्या कोल्लापूरला जायचं हाय. हौसाच्या जावयानं त्येला तिकडं बघितला व्हता, टरकांच्या अड्ड्यावर. दोनदा सांगाय आला व्हता. म्या ऐकून घेटलं न्हाय." त्यांनी घसा साफ केला. "येतोस का संगट? त्येच्यापुडं मला बोलाय यायचं न्हाय."

"मला तरी कुठे येतं, तात्या?"

"त्ये बघितलं म्या मगाशी," तात्या म्हणाले. "मग दोगं गप बसू. पर जाऊ."

शनिवारचा वर्ग बुडाला. मी आयुष्यात पहिल्यांदा वर्ग बुडवला आणि मला त्याचे काही वाटले नाही. पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो.

अड्डा म्हणजे रस्त्याकडेची मोकळी जागा, तेलाने काळी झालेली. पाचपन्नास ट्रक उभे होते. एका पत्र्याच्या खोलीत टेबलामागे मुनीम बसला होता. तात्यांनी दारातूनच माझ्याकडे बघितले. मी पुढे झालो, तोंड उघडले आणि नेहमीसारखा अडकलो.

"जयसिंग पिसाळ," मागून तात्या म्हणाले. तीन वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. निघाले ते इतक्या मोठ्याने की दोन ड्रायव्हर वळून बघायला लागले. "हितं हाय का?"

"जयसिंग? आहे की. चांगला पोरगा. हुबळीला गेलाय, मंगळवारपर्यंत येईल." मुनीम मान वर न करता म्हणाला. "काही निरोप द्यायचा?"

तात्या दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मला वाटले, आता ते पुन्हा खाली बसणार.

"आल्यावर सांगा, घरी बलिवलंय."

"सांगतो. कोण आलं होतं म्हणून सांगू?"

"बाप."

"नाव सांगा की, पाहुणं. इथं शंभर पोरं आहेत. कुणाचा बाप, कसं ध्यानात राहायचं?"

"ऱ्हाईल," तात्या म्हणाले. "तुमी नुसतं बाप आलाय म्हना. मी मंगळवारपतोर हितंच हाय."

आणि ट्रकच्या एका जुन्या टायरवर जाऊन ते बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो.